मूळव्याधीच्या पाटीआड

महाराष्ट्रातील कोणत्याही तालुक्याच्या गावी एस. टी. स्थानकाबाहेर पाऊल टाकले की भिंतीवर, विजेच्या खांबावर किंवा एखाद्या टपरीच्या पाठीवर एक पाटी हमखास दिसते : ‘मूळव्याध, भगंदर, फिशर यांवर शस्त्रक्रियेविना खात्रीशीर इलाज.’ या पाटीच्या दिशेने जाणारा मनुष्य बहुधा कष्टकरी असतो. शौचावाटे रक्त पडते ही गोष्ट त्याने महिनोन्महिने घरातही बोललेली नसते. सरकारी दवाखान्यात भरलेल्या खोलीत चार लोकांदेखत ती कशी सांगावी, या संकोचाने तो तेथून परत फिरलेला असतो. पाटीखाली बसलेला इसम मात्र त्याला पुडी देतो, मलम देतो आणि हात न लावता रोगाचे नावही ठरवून टाकतो. बहुतेक वेळा ते नाव बरोबर ठरते, कारण मूळव्याध सर्वत्र आहे. परंतु काहींच्या बाबतीत ते चुकते. ही चूक उघडकीस येते तेव्हा वर्ष-दीड वर्ष उलटलेले असते, आतड्याचा मार्ग निम्मा बंद झालेला असतो आणि रोग यकृतापर्यंत जाऊन पोचलेला असतो. त्या मनुष्याला मूळव्याध नव्हती. त्याला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग होता.

या मृत्यूंना दैव म्हणण्याची रीत आहे. ती रीत सोडण्याची वेळ कधीच येऊन गेली आहे, कारण जे थोडे कर्करोग जन्माला येण्यापूर्वीच रोखता येतात त्यांत याची गणना होते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात सुमारे १९ लाख लोकांना हा रोग झाला आणि सुमारे ९ लाख लोक त्याने दगावले. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाच्या खालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. आणि तरीही शास्त्र असे सांगते की यांतील फार मोठा वाटा टाळता येण्याजोगा होता. शास्त्र आणि माणूस यांच्यामध्ये जे अंतर उरले आहे त्याचा विचार राजकीय पक्षाने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

रोगाचा स्वभाव प्रथम समजून घेतला पाहिजे. हा कर्करोग सहसा एकाएकी उद्भवत नाही. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर प्रथम एक लहानसा कोंब उगवतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. कधी तो देठावर लोंबणाऱ्या फळासारखा असतो, तर कधी अस्तराला चिकटलेला, चपटा. बहुतेक कोंब आयुष्यभर निरुपद्रवी राहतात. काही थोडे मात्र वाढत जातात, त्यांच्या पेशींत एकामागून एक बिघाड साठत जातात आणि साधारण दहा वर्षांच्या किंवा त्याहूनही अधिक काळात त्यांचे कर्करोगात रूपांतर होते. बहुधा या सगळ्या काळात मनुष्याला काही दुखत नाही की खुपत नाही. म्हणजे निसर्गाने येथे दशकाची मुदत दिलेली आहे. त्या मुदतीत कोंब सापडला आणि काढला, तर पुढचा रोग होतच नाही.

पूर्वी असा कोंब काढण्यासाठी पुष्कळदा पोट फाडावे लागे. १९६९ साली न्यूयॉर्कमधील बेथ इस्रायल रुग्णालयात हिरोमी शिन्या आणि विल्यम वोल्फ या शल्यचिकित्सकांनी लवचीक दुर्बिणीतून तारेचा फास आत नेऊन कोंब मुळाशी कापून काढण्याची पद्धत सिद्ध केली. ज्या वर्षी महाराष्ट्रात पाठीवर ओझे वाहणाऱ्या हमालांसाठी माथाडी कायदा झाला त्याच वर्षीची ही गोष्ट. तिच्या उपयोगाचा पुरावा पुढे क्रमाने जमत गेला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सुमारे ४६ हजार लोकांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला : दरवर्षी शौचाच्या नमुन्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त शोधले आणि ते आढळलेल्यांची दुर्बिणीने तपासणी केली, तर या रोगाने होणारे मृत्यू एक-तृतीयांशाने घटतात. कर्करोगाकडे झुकणारे कोंब काढून टाकलेल्या रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ मागोवा घेणाऱ्या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासाने २०१२ साली दाखवून दिले की, या रोगाने त्यांच्यात जेवढे मृत्यू अपेक्षित होते त्यांच्या निम्म्याहूनही कमी प्रत्यक्षात झाले.

मग हे ज्ञान कोणाच्या वाट्याला आले? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतील डेलावेअर या चिमुकल्या राज्याने दिले आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरातले हे उदाहरण असल्यामुळे ते अधिकच लक्षात घेण्याजोगे आहे. या शतकाच्या आरंभी तेथील कृष्णवर्णीयांना हा कर्करोग गोऱ्यांपेक्षा अधिक होत असे आणि त्याने ते अधिक मरत असत. वंशाच्या रक्तातच काही दोष असावा, असे म्हणणारे विद्वान तेथेही होते. २००२ सालापासून राज्य सरकारने निराळा मार्ग धरला. विमा नसलेल्यांना दुर्बिणीची तपासणी सरकारी खर्चाने मिळू लागली आणि तपासणीत कर्करोग निघाला तर त्याच्या उपचाराचा भारही राज्याने उचलला. रुग्णालयांत वाटाड्याचे काम करणाऱ्या परिचारिका नेमण्यात आल्या. त्या लोकांना गाठीत, तपासणी म्हणजे काय ते समजावीत, तारीख ठरवून देत, येण्याजाण्याची सोय पाहत आणि ठरल्या दिवशी तो मनुष्य खरोखर टेबलापर्यंत पोचतो की नाही यावर लक्ष ठेवीत.

परिणाम काय झाला? २००२ साली तपासणी झालेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण ४८ टक्के होते आणि गोऱ्यांचे ५८ टक्के. २००९ साली दोघांचेही प्रमाण ७४ टक्के झाले. रोगाच्या प्रमाणातील तफावत जवळजवळ नाहीशी झाली आणि कृष्णवर्णीयांचे या रोगाने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी घटले. रक्त तेच होते, वंश तोच होता. बदलली ती फक्त व्यवस्था. विषमतेला निसर्गाचा शिक्का मारून मोकळे होणाऱ्या सर्वांना हे सात वर्षांचे उत्तर पुरेसे आहे.

ब्रिटनमध्ये हेच काम राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या चौकटीत झाले. १९४८ साली मजूर पक्षाच्या सरकारने सुरू केलेल्या या सेवेने इंग्लंडमध्ये २००६ सालापासून ठराविक वयाच्या नागरिकांना शौचाचा नमुना घेण्याचे साधे साहित्य टपालाने घरी पाठवण्यास आरंभ केला. नमुना परत पाठवावयाचा, पैसा एकही द्यावयाचा नाही आणि दोष आढळला तरच दुर्बिणीसाठी यावयाचे. २०१९ साली जुन्या कसोटीऐवजी केवळ मानवी रक्त ओळखणारी अधिक नेमकी कसोटी आली. २०२१ पासून वयाची मर्यादा साठीवरून टप्प्याटप्प्याने पन्नाशीपर्यंत खाली आणण्यात आली. खाण लोहाराच्या विधवेला आणि बँकेच्या संचालकाला एकच नळी येते, यात त्या योजनेचे सारे तत्त्वज्ञान सामावले आहे.

येथे एक धोक्याची सूचना देणे प्राप्त आहे. परदेशातील योजना उचलून जशीच्या तशी महाराष्ट्राच्या माथी मारावी, असा अर्थ यातून कोणी काढू नये. हा रोग भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा पुष्कळ कमी आढळतो. बार्शी येथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या नोंदींत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षाही बरेच खाली दिसते. ज्या राज्यात जिल्हा रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर मिळण्याची मारामार, तेथे पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येक निरोगी मनुष्याच्या आतड्यात दुर्बीण घालण्याची घोषणा करणे ही निव्वळ फसवणूक ठरेल. २०१६ साली केंद्र सरकारने कर्करोगाच्या सार्वत्रिक तपासणीसाठी मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन अवयवांची निवड केली. रोगाचे प्रमाण पाहता त्या निवडीला दोष देता येत नाही. शहरांतील खाजगी रुग्णालये वाढदिवसाच्या सवलतीत जी तपासणीची ‘पॅकेजे’ विकतात त्यांचा तर लोकारोग्याशी काहीएक संबंध नाही. ज्याला गरज नाही पण ऐपत आहे त्याची तपासणी दोनदा, आणि ज्याचे रक्त पडते आहे त्याची एकदाही नाही, हाच त्या बाजाराचा न्याय आहे.

म्हणून महाराष्ट्रापुरता खरा प्रश्न निरोगी माणसांच्या तपासणीचा नाही. ज्यांना शरीराने इशारा दिलेला आहे त्यांच्याकडे पाहण्याचा तो प्रश्न आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात आलेल्या या रोगाच्या सुमारे ८०० रुग्णांचा जो आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला त्यात रुग्णांचे सरासरी वय ४७ च्या आसपास निघाले. पाश्चात्त्य देशांत हा म्हातारपणाचा रोग मानला जातो. येथे तो घर चालवणाऱ्या, पोरे शाळेत असलेल्या माणसाला गाठतो. ‘एवढ्या तरुण वयात कर्करोग कसला? मूळव्याधच असणार,’ हा तर्क त्यामुळेच प्राणघातक ठरतो. शिवाय भारतीय रुग्णांत गुदाशयाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे. गुदाशयाच्या खालच्या भागातील पुष्कळ गाठी डॉक्टरच्या हातमोजा घातलेल्या बोटाला लागतात. या तपासणीला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, दोन मिनिटे लागतात. तरीही ती टाळली जाते. रुग्ण लाजतो म्हणून, आणि खरे सांगावयाचे तर डॉक्टरही टाळतो म्हणून.

दुसरा इशारा याहूनही मुका आहे. आतड्याच्या उजव्या भागातील गाठीचे रक्त सहसा डोळ्यांना दिसत नाही. ते थेंबाथेंबाने जाते आणि मनुष्य फिकट पडतो, जिना चढताना धापतो, कामावर मागे पडतो. पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या स्त्रीच्या अंगातील लोह असे विनाकारण घटू लागले, तर पोटात कोठे रक्तस्राव होतो आहे का ते पाहिलेच पाहिजे, हा वैद्यकाचा साधा नियम आहे. पण ज्या समाजात स्त्रीचा अशक्तपणा हा तिचा स्वभावधर्मच मानला गेला आहे, तेथे पंचावन्न वर्षांच्या शेतमजूर स्त्रीच्या हातावर लोहाच्या गोळ्या ठेवून तिला वाटेला लावले जाते. गोळ्यांनी शौच काळे होते आणि मग रक्ताचा संशयही कोणाला येत नाही.

कोंब सापडणे हे अर्धे काम झाले. तो निर्धोकपणे काढणे हे दुसरे अर्धे, आणि त्यात ‘सुविधा उपलब्ध’ एवढी पाटी लावून भागत नाही. आतडे स्वच्छ नसेल तर चांगली दुर्बीणही आंधळी ठरते. अनुभवी हाताने केलेली तपासणी म्हणजे दुर्बीण टोकापर्यंत पोचल्यावर ती मागे घेताना निदान सहा मिनिटे भिंतींची प्रत्येक घडी निरखणे. जो डॉक्टर अधिक कोंब शोधतो त्याच्या रुग्णांना पुढे कर्करोग कमी होतो, हे २०१४ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने आकड्यांनिशी दाखवले आहे. कोंब एक सेंटिमीटरहून लहान असेल तर विजेचा प्रवाह न वापरता नुसत्या तारेच्या फासाने तो कापणे अधिक सुरक्षित ठरले आहे. मोठा व चपटा असेल तर त्याच्या खाली द्रव टोचून तो अस्तरापासून उचलून घ्यावा लागतो, म्हणजे भिंतीला इजा होत नाही. ज्याचे रूप आधीच कर्करोगाचे दिसते त्याला घाईने हात लावू नये. जागेवर शाईची खूण करून रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावे. काढलेला कोंब रोगनिदानतज्ज्ञाकडे गेलाच पाहिजे, कारण त्याची जात कळल्याशिवाय पुढची तपासणी किती वर्षांनी, हे सांगता येत नाही. आतड्याला भोक पडण्याचा अपघात क्वचितच, साधारणपणे हजारांत एखाद्याला होतो. रक्तस्राव मात्र दोन आठवड्यांनंतरही उद्भवू शकतो. रुग्ण तोपर्यंत साठ मैलांवरच्या आपल्या पाड्यावर पोचलेला असतो. त्याने कोणाला कळवावयाचे आणि कोणत्या वाहनाने यावयाचे, हे घरी जाण्यापूर्वी ठरलेले नसेल तर ती सेवा निर्धोक म्हणता येणार नाही.

आणि एक गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही. या तपासणीच्या आदल्या रात्री रुग्णाला जुलाबाचे औषध आणि काही लिटर पाणी प्यावे लागते. त्यानंतर दहा-बारा वेळा शौचास जावे लागते. मुंबईच्या झोपडपट्टीत पन्नास कुटुंबांना मिळून एक संडास, त्यालाही रात्री कुलूप, आणि जाईल तितक्या वेळा पैसे. तेथील साठ वर्षांच्या बाईने ही तयारी कोठे करावी? ती ठरल्या दिवशी येत नाही तेव्हा कागदावर ‘रुग्णाने सहकार्य केले नाही’ असा शेरा पडतो. संडास नाही हे त्या शेऱ्याचे खरे कारण असते. तिच्यासोबत येणाऱ्या मुलाचा एक रोज बुडतो, तिचे दोन. ‘मोफत’ या शब्दाचा हिशेब गरिबाच्या घरी असा लागतो.

राज्यकर्ते यावर योजनांची यादी पुढे करतील. महात्मा फुले यांच्या नावाची जन आरोग्य योजना आहे, केंद्राची आयुष्मान योजना आहे. त्यांतून अनेक गरिबांची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या योजनांची घडण मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांभोवती झालेली आहे. गाठ पिकली, आतडे अडले, की शासनाची थैली सुटते. गाठ कोंबाएवढी असताना, वेळेवर केलेल्या एका तपासणीने सारे निभावले असते तेव्हा, ती बंद असते. रोग वाढेपर्यंत थांबावयाचे आणि मग खाजगी रुग्णालयाचे बिल सरकारने भरावयाचे, याला विमा म्हणता येईल, आरोग्यसेवा नव्हे. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. २०१७ सालच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचा संकल्प सोडला. २०२१-२२ साली, कोविडच्या महामारीतसुद्धा, तो १.८४ टक्क्यांवरच होता.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. शौचावाटे रक्त पडण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या कोणालाही बोटाची तपासणी केल्यावाचून मूळव्याधीचे औषध दिले जाऊ नये, असा आदेश प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला गेला पाहिजे. सुप्त रक्त शोधणारी साधी कसोटी तेथे उपलब्ध असावी. संशयित रुग्ण ओळखण्यास ती उपयोगी पडते. मात्र रक्त उघड दिसत असूनही कसोटी निर्दोष आली म्हणून रुग्णाला वाऱ्यावर सोडता कामा नये. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात दुर्बिणीचा विभाग असावा. त्यात प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका, दुर्बीण निर्जंतुक करण्याची खात्रीची व्यवस्था आणि रोगनिदानतज्ज्ञ असावा. आदल्या रात्रीसाठी संडास जोडलेल्या खाटा असाव्यात. ज्याच्या आईवडिलांना किंवा भावंडांना हा कर्करोग झाला त्याला चाळिशीला, किंवा नातलगाला ज्या वयात रोग झाला त्याच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे लवकर येईल तेव्हा दुर्बिणीसाठी बोलावले जावे. किती तपासण्या झाल्या, किती टोकापर्यंत पोचल्या, किती कोंब सापडले आणि किती अपघात झाले, याचा हिशेब दरवर्षी लोकांपुढे यावा.

हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांना मुंबईनेच उत्तर देऊन ठेवले आहे. टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा एक प्रयोग केला. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी होत असे, आणि ती दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित स्त्रियांनी साध्या व्हिनेगरच्या द्रावणाने केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या गटात या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. अडचण ज्ञानाची नव्हती आणि माणसांचीही नव्हती.

शासनाकडे बोट दाखवून कार्यकर्त्याची सुटका मात्र होत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, पोलंड, नॉर्वे व स्वीडन या देशांतील मोठ्या प्रयोगात दुर्बिणीच्या तपासणीचे निमंत्रण मिळालेल्यांपैकी ४२ टक्केच लोक आले. निमंत्रण जाते, माणूस येत नाही. मधले अंतर कोणीतरी चालून जावे लागते. डेलावेअरमध्ये ते परिचारिकेने चालून दाखवले. येथे ते आशा कार्यकर्तीने चालावे, अशी अपेक्षा असेल तर तिला आधी कामगाराचा दर्जा आणि पुरेसे वेतन दिले पाहिजे. तिच्या मागण्यांसाठी निघणारे मोर्चे आणि कर्करोगाचा हा प्रश्न वेगळे नाहीत. कामगार संघटनांनी आजवर बोनस आणि महागाई भत्ता यांचा हिशेब चोख ठेवला. सभासदाच्या शरीराचा हिशेब मात्र त्याच्या शोकसभेतच मांडला गेला, हे कबूल केले पाहिजे. हमाल पंचायतीच्या बैठकीत, बिडी कामगारांच्या मेळाव्यात, साखर कारखान्याच्या दारसभेत ‘कोणाला शौचावाटे रक्त पडते काय?’ हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला पाहिजे. पहिल्यांदा लोक हसतील. दुसऱ्यांदा एखादा सभा संपल्यावर बाजूला येऊन उभा राहील. त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणे आणि तेथे तपासणी होईपर्यंत जागचे न हलणे, हे पक्षकार्यच होय.

लाज हीसुद्धा या समाजात सर्वांना सारखी वाटून दिलेली नाही. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याच्यासाठी बंद दार, पडदा आणि मऊ बोलणारा डॉक्टर असतो. ज्याच्यापाशी नाही त्याने आपले दुखणे चव्हाट्यावर सांगावे किंवा गप्प बसून मरावे. एस. टी. स्थानकाबाहेरची ती पाटी या गप्प बसण्यावर जगते. ती उतरवण्यास पोलिसांची गरज नाही. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक आडोसा, एक हातमोजा आणि आस्थेने विचारणारा एक डॉक्टर असेल, तर त्या पाटीखालचे बाकडे आपोआप रिकामे होईल.